कंदील न घेता

औशाच्या पुढे आडबाजूला आमचं गाव आहे आणि गावाच्या पश्चिमेला एक जुनी बारव. मी लग्न होऊन आले तेव्हा ती निम्म्याच्या वर बुजलेली होती. पायऱ्यांवर बाभळी उगवल्या होत्या आणि आत वर्षानुवर्षांचा गाळ, चिंध्या, फुटकी मडकी. सहा-सात वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात गावानं श्रमदान करून ती उपसायला घेतली. मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे मीही रोज सकाळी घमेली उचलायला जायचे. माझ्या शेजारी अक्का असायच्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या, सडपातळ, पण दोन पुरुषांचं काम एकटीनं उरकणाऱ्या. त्यांचं माहेर निलंग्याच्या पलीकडचं, त्यामुळे बोलता बोलता कानडी शब्द येई. विशेषतः त्या हरखल्या की ‘बघ, बघ’ म्हणायच्या ऐवजी ‘नोडू, नोडू’ म्हणत. चिमणीच्या घरट्यात अंडी दिसली तरी नोडू आणि टीव्हीवर बर्फाचा डोंगर दिसला तरी नोडू.

गाळ उपसत आम्ही तिसऱ्या टप्प्याच्या खाली पोचलो तेव्हा पश्चिमेच्या भिंतीत एक दगडी चौकट दिसायला लागली. दोन दिवसांत ती पूर्ण मोकळी झाली. कमरेइतकं उंच तोंड आणि आत मिट्ट अंधार. सगळं गाव गोळा झालं. कुणी म्हणालं, हे भुयार थेट औशाच्या किल्ल्यात निघतं. कुणी म्हणालं, निजामाच्या काळात कुणीतरी यात हंडे पुरले. सरपंचांना तिथं पाटी लावायची आणि पर्यटक आणायचे सुचलं. दोन पोरं वाकून आत शिरायलाही निघाली होती.

त्यांना अडवलं ते मिस्त्रींनी. सगळी हयात विहिरी खोदण्यात घालवलेला तो म्हातारा माणूस. त्यांनी चौकटीपाशी बसून नुसता वास घेतला आणि मान हलवली.

“कंदील लावून पुढं सरकवल्याबिगर कुणी आत जायचं न्हाई,” ते म्हणाले. “कंदील इझला की समजायचं, पुढं माणूसबी इझतंय.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. अक्काही माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

पुरातत्त्ववाल्यांना कळवायचं ठरलं आणि ते येईपर्यंत तोंडावर पत्रा लावून, त्याला दगडांची टेकण देऊन ते बंद केलं. पंधरा दिवस गेले, महिना होत आला, कुणी आलं नाही. गाव हळूहळू विसरलं. अक्का मात्र विसरल्या नाहीत. भाकरी थापतानाही त्यांचं तेच सुरू असायचं.

“आत काय असंल गं?”

“काही नसेल. पाणी जायची वाट असेल.”

“मग पाणी कुठून येतंय? तिथं काय असंल?”

एकदा मी वैतागून विचारलं, “तुम्हाला एवढं कामून पडलंय अक्का? हंडा पाहिजे का सोन्याचा?”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी परातीतला हात तसाच ठेवला आणि पहिल्यांदाच मला ती गोष्ट सांगितली. भूकंप झाला तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. त्यांचं गाव त्या पट्ट्यातच होतं. त्याआधी कितीतरी महिने जमिनीखालून आवाज यायचे, कुणी मोठं जातं फिरवल्यासारखे. घरात विचारलं की मोठी माणसं म्हणायची, झोप गुमान. मग गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे घर अंगावर आलं. त्या एका तुळईच्या आडोशाला वाचल्या. उजाडून ऊन वर येईस्तोवर आत होत्या. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ होता, तो वाचला नाही.

“आत असताना तो आवाज पुन्हा आला,” अक्का म्हणाल्या. “खालूनच. माझ्या कानाजवळून. मला वाटलं, आता दिसंल काय हाय ते. पण अंधार. काहीच दिसलं न्हाई. तवापासून मला जमिनीच्या आत बगायचंय. घाबरते मी, न्हाई असं न्हाई. पण न बगता जास्त घाबरते.”

मला तेव्हा ते नीट कळलं नाही. मी हदगावची. आमच्याकडे पैनगंगेला पूर आला की वडील आम्हाला घरात कोंडून ठेवायचे. जिथं भीती आहे तिकडे पाठ करायची, एवढंच मला शिकवलेलं होतं. भीतीकडे तोंड करून चालणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी औशाचा बाजार होता. माझे मिस्टर नोकरीवर लातूरला, सासूबाई घरातल्या पोरींना घेऊन पै-पाहुण्यांत बारशाला गेलेल्या. थोरल्या दिरांना ताप होता, ते घरात पडून होते. दुपारी दोनच्या सुमाराला गावात चिटपाखरू नव्हतं. अक्का पदर खोचून माझ्या खोलीच्या दारात आल्या.

“चल, जरा बगून येऊ.”

मी नाही म्हणाले. तीनदा म्हणाले.

“तू शाळेत पोरायला काय शिकवतीस गं? कोण जहाजात बसून कुठं गेलं, कुणी कोणता देश धुंडून काढला. अन् घरापासून दोनशे पावलांवर काय हाय ते तुला बगायचं न्हाई?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तू आत येऊ नकोस. नुसती तोंडाशी बस. तुझा मोबाईल दे बॅटरीला.”

मला कंदिलाची आठवण झाली होती. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण पुढे अनेकांना मी सांगितलं की त्या घाईत ते डोक्यातच आलं नाही. आलं होतं. कंदील आमच्या घरातच, दिरांच्या खाटेच्या वर खुंटीला होता. तो घ्यायला गेलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, भर दुपारी कंदील कशाला? म्हणून मी मोबाईल दिला. मोबाईलचा उजेड कंदिलापेक्षा लख्ख असतो, असं मी स्वतःला सांगितलं.

बारवेच्या पायऱ्या तापून फुफाट्यासारख्या झाल्या होत्या. आम्ही दगड काढले, पत्रा एका अंगाला केला. आतून थंडगार, कुबट वारा येईल असं मला वाटलं होतं. वारा आलाच नाही. आतली हवा जिथल्या तिथं उभी होती. अक्कांनी मोबाईलची बॅटरी लावली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि गुडघे टेकून आत शिरल्या.

मी चौकटीशी बसले. त्या रांगत रांगत जात होत्या आणि दिसेल ते मला ओरडून सांगत होत्या. वर दगडाच्या फरशा आहेत. मुळं लोंबतायत. खाली ओल आहे. वाट उताराला लागली. त्यांचा आवाज घुमून येत होता, जणू तीन-चार अक्का एकदम बोलतायत.

“कोनाडा हाय गं! दिव्याचा! काजळी हाय अजून! नोडू, नोडू!”

मी का आत गेले, याचा मी खूप विचार केला आहे. त्यांच्या काळजीनं गेले नाही. तेव्हा त्या अगदी ठणठणीत होत्या. मला तो कोनाडा बघायचा होता. शेकडो वर्षांत कुणी न पाहिलेली काजळी अक्का एकट्या बघतायत आणि मी शिकलेली, भूगोल शिकवणारी बाई दारात बसून राहिले, हे मला सोसलं नाही. हेवाच म्हणायचा तो. शहाण्या माणसांनी शोधाबिधाबद्दल काय मोठमोठं सांगितलंय ते मी वर्गात वाचून दाखवते, पण माझे गुडघे त्या भुयारात टेकले ते हेव्यापायी.

माझ्याजवळ उजेड नव्हता. पुढे अक्कांच्या अंगाआडून येणारा उजेड, तेवढ्यावर मी सरकत होते. कोनाडा लागला. मी हात घातला तर बोटांना काळं मऊ काहीतरी लागलं. अक्का तोवर बऱ्याच पुढे गेल्या होत्या. वाट खरंच उताराची होती. मागे वळून बघितलं तर तोंडाचा चौकोन पाटीएवढा दिसत होता.

आधी मला फक्त धाप लागली. वाटलं, रांगल्यामुळे. मग डोकं ठणकायला लागलं, कानशिलं उडायला लागली. मी श्वास ओढत होते आणि तो पुरत नव्हता. भर उन्हात पळून आल्यावर पाणी मागावं तशी छाती हवा मागत होती.

“अक्का, मागं फिरा. मला कसंतरी होतंय.”

“हाव... एवढं वळण बगते...”

त्यांचं बोलणं जड झालं होतं. दारू प्यालेल्या माणसासारखं. मग धप्प असा आवाज झाला आणि उजेड हलायचा थांबला.

मी हाका मारल्या. उत्तर आलं नाही. मोबाईल जमिनीवर पडून त्याचा उजेड वरच्या फरशीवर स्थिर पडला होता. आतलं सगळं लख्ख दिसत होतं. दगडाच्या सांधी, ओलीनं आलेला पांढरा थर, आणि पालथ्या पडलेल्या अक्कांचे दोन तळवे. कंदील असता तर केव्हाच विझला असता. हा उजेड विझत नव्हता. आत हवा नाही हे त्याला कळतच नव्हतं.

मी पुढे सरकून त्यांचा घोटा धरला. ओढलं. त्या हातभर सरकल्या असतील, नसतील. पुन्हा ओढलं. माझ्या हातांत जोर नव्हता, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. त्या क्षणी मला एकच गोष्ट कळली की अजून थोडा वेळ थांबले तर मीही इथंच पडणार. आणि मी घोटा सोडला.

मदत आणायला जाते आहे असं तेव्हा माझ्या मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. मी जनावरासारखी मागे मागे सरकत होते, कोपरं सोलून निघत होती, वळायलाही जागा नव्हती. पाठीला ऊन लागलं तेव्हा कळलं की बाहेर आले. मी पायऱ्यांवर ओकले. मोबाईल आत राहिला होता. ओरडले, पण बाजारच्या दिवशी दुपारी कोण ऐकणार? मग मी धावले.

मिस्त्रींचं घर वाटेत होतं. ते लिंबाखाली बाजेवर बसले होते. मला धड बोलता येईना. मी नुसतं म्हणाले, “अक्का... भुयारात.” त्यांनी पुढचं विचारलं नाही. नातवाला आमच्या घरी पिटाळलं आणि स्वतः घरात जाऊन कंदील आणि दोर घेऊन बाहेर आले.

दीर तापातच, अनवाणी पळत आले आणि सरळ भुयाराकडे झेपावले. मिस्त्रींनी त्यांना मागून बंडीला धरून खाली पाडलं. सत्तरीच्या माणसात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

“आत गेलास तर दोन मुडदे काढावे लागतील मला. गप बस. मी सांगतो ते कर.”

“माझी बायको हाय ती आत!”

“म्हणूनच सांगतो. फवारणीचा पंप आण, पेट्रोलचा. अन् पाइप. पळ!”

त्यांनी कंदील काठीला अडकवून आत सरकवला. काठी अजून पुरती आत गेलीही नव्हती, तोच ज्योत आखडली, निळी झाली आणि विझली. मी ते बघत उभी होते. जिथं ज्योत विझली तिथून अक्का किती पुढे होत्या हे फक्त मला माहीत होतं.

पाठीवरचा तो पंप औषध न घालता चालवला तर नुसती हवा जोरानं फेकतो. मिस्त्रींनी इंजिन तोंडापासून लांब, वरच्या पायरीवर ठेवायला लावलं, म्हणजे धूर आत जाणार नाही. त्याच्या नळीला शेतातला पाइप जोडला, सांध्याला माझ्या ओढणीचं फडकं आवळून बांधलं आणि पाइप आत सारला. इंजिन भडभडत राहिलं. त्या आवाजात मी अक्कांच्या नावानं ओरडत होते, की नुसतं तोंड उघडत होते, मला आठवत नाही. दीर पायरीवर डोकं आपटत होते. मिस्त्री मात्र दर थोड्या वेळानं कंदील पेटवून आत सरकवत होते. विझला. पुन्हा पेटवला. विझला. तिसऱ्यांदा ज्योत थरथरली, पण राहिली.

तेव्हा त्यांनी कमरेला दोर बांधला, दुसरा दोर हातात घेतला आणि दिरांना सांगितलं, “मी हिसका दिला की ओढ. हिसका न्हाई आला तरी शंभर मोजून ओढ.”

दीर मोठ्यानं आकडे मोजत होते. त्र्याहत्तरला हिसका आला.

आधी मिस्त्री बाहेर आले, मग पायांना दुसरा दोर बांधलेल्या अक्का. चेहरा राखेसारखा, ओठ जांभळे, कपाळ खरचटून रक्ताळलेलं. मिस्त्रींनी त्यांच्या नाकापाशी गाल नेला आणि म्हणाले, “हाय. जीव हाय.” दीर त्यांना उचलून पायऱ्या चढले. बाजारातून परतणारी एक जीप थांबवली आणि आम्ही लातूर गाठलं.

अक्का तीन दिवस शुद्धीवर नव्हत्या. त्या तीन दिवसांत मी एक खोटं बोलले. दवाखान्याच्या व्हरांड्यात सासूबाईंनी विचारलं, “नेमकं झालं काय?” आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “अक्काच म्हणाल्या, मला जमंना, तू जा, माणसं आण.” सगळ्यांनी ते ऐकलं. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. पोरीनं डोकं ठिकाणावर ठेवलं म्हणून थोरली वाचली, म्हणाले. दीर माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. मला त्या व्हरांड्यातून पळून जावंसं वाटलं, आणि पळायची मला आता भीतीही वाटत होती.

चौथ्या दिवशी अक्कांनी डोळे उघडले. डाव्या हाताची बोटं नीट वळत नव्हती आणि शब्द हरवत होते. तांब्याला चिमणी म्हणायच्या, मग स्वतःच चिडायच्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा कमी पडली, हळूहळू सुधारेल. शब्द बरेचसे परत आले. हात पूर्ण आला नाही. अजूनही त्यांना भाकरी थापता येत नाही, आता आमच्या घरी ती मी थापते.

त्यांना कोनाड्यापर्यंतचं सगळं आठवत होतं. त्यापुढचं नाही.

“कोनाड्यापुढं मी काय बगितलं गं?” त्या मला विचारायच्या. “वळणापलीकडं काय होतं?”

“माहीत नाही. मी नव्हते पुढे.”

रोज एकेक हरवलेला शब्द त्यांना सापडत होता. कधी दुपारी कुंकू, कधी सकाळी विळी. सापडला की त्या आनंदानं मला हाक मारायच्या. मला वाटायचं, असाच एक दिवस तो घोटाही सापडेल. मी त्यांच्या बऱ्या होण्याला भीत होते. असं कधी कुणाच्या वाट्याला येऊ नये. त्या जरा टक लावून माझ्याकडे बघू लागल्या की मी काहीतरी निमित्त काढून उठायचे.

दिवाळीआधी सरकारी माणसं यंत्रं घेऊन आली. हवा तपासून, हवेची नळकांडी पाठीला लावून दोघं आत गेले. वळणापलीकडे सात-आठ हातांवर भुयार संपत होतं. पुढे गाळानं गच्च भरलेली भिंत. पाण्याची जुनी वाट होती ती, बाकी काही नाही. तोंड विटा-सिमेंटनं बुजवलं. गावात लोक म्हणाले, काहीच नव्हतं तर कशाला बाईमाणसानं जिवावर उदार व्हायचं? सासूबाईंनी घरातल्या पोरींना बारवेकडे जायची बंदी केली, मग शेताच्या आडवाटेला, मग मैत्रिणींबरोबर तालुक्याला. एका दुपारचं निमित्त आणि घरातल्या सगळ्या मुलींच्या पायांत दोरी. अक्का ते सगळं बघत होत्या.

सासूबाईंनी माहूरच्या देवीला नवस बोलला होता. तो फेडायला आम्ही गेलो. वाटेत एक मुक्काम हदगावला, माझ्या माहेरी झाला. दुसऱ्या दिवशी माहूरला दर्शन झाल्यावर सासूबाई आणि दीर खाली प्रसादाच्या दुकानापाशी थांबले आणि आम्ही दोघी पायऱ्या उतरताना मागे राहिलो. अक्का दम खायला बसल्या. देवीच्या दारातून नुकतीच आले होते. मी त्यांना सांगितलं. सगळं. कंदील आठवला होता तेही, आणि पाय सोडला तेही.

त्यांनी समोर चाललेल्या बायकांकडे बघत विचारलं, “किती येळ धरला होतास?”

“माहीत नाही.”

“थोडा?”

“हो. थोडाच.”

“मी तुला जा म्हणलं न्हाई मग.”

“नाही.”

त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, उठल्या आणि एकट्याच पायऱ्या उतरायला लागल्या. मी मागून गेले. घरी येईस्तोवर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढचे आठ-दहा दिवसही नाहीत. घरात कुणाला काही सांगितलंही नाही. मी रोज वाट बघायचे की आज सांगतील. चुलीपुढे बसले की कान मागे लागलेले असायचे.

मग एका रविवारी सकाळी त्या मळ्याकडे निघाल्या आणि दारातून हाक मारली, “येतीस का? वड्याच्या वरल्या अंगाला मी कधी गेलेच न्हाई. तिथून पाणी कुठून निघतंय ते बगायचंय.”

मी तशीच, हातांचं पीठही न धुता, निघाले. ओढ्याकाठानं झुडपं दाट झाली, वाट बुजली. प्रत्येक कपारीपाशी मी मागे रेंगाळायचे. अक्का काठी आपटत पुढे चालल्या होत्या. दुपारपर्यंत आम्हाला काही सापडलं नाही, नुसत्या काळ्या दगडाच्या सांधीतून पाझरणारी ओल आणि तिच्यावर बसलेल्या मधमाश्या. अक्का खाली बसून बराच वेळ ते बघत राहिल्या. मी चार पावलं मागे, घामानं भिजून, उभी होते. परत जाऊ या का, असं मी विचारलं नाही.